सोनेरी की सोन्याची?

चौकटींना मुलामा देण्याचं काम शिकायला कुणी आलं, की आधी वर्ख मागतं. मी हाती देतो खडूची भुकटी आणि सरस. मित्रहो, खरं काम लाकडावरच्या या लेपाचं. सात-आठ पातळ हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा, शेवटी काचपेपरनं गुळगुळीत करायचं. मग तांबड्या मातीचा हात. सोन्याला ऊब येते ती तिच्यामुळे. ती ओलावून, पंखा बंद करून, कुंचल्यानं वर्ख ठेवायचा. बोट लावलंत तर बोटालाच चिकटेल! ओल उतरली की अकीकाच्या दगडानं घोटायचं.

पितळी वर्ख पुष्कळ स्वस्त, पण हवेनं काळा पडतो. सुरुवातीला एका गृहस्थांना आईवडिलांच्या फोटोसाठी तशी चौकट दिली. वरून चपड्याचं पॉलिश द्यायचा आळस केला. पावसाळ्यात ती काळवंडली. मी 'सोनेरी' म्हणालो होतो, त्यांनी 'सोन्याची' ऐकलं होतं आणि मी ते दुरुस्त केलं नव्हतं. पैसे परत केले. आता पावतीवरच वर्ख कोणता ते लिहितो.

भांडवल थोडं लागतं. किंमत सांगताना मात्र वर्खाचे पैसे सगळे धरतात, लेप वाळवण्यात गेलेले दिवस विसरतात. ते आधी मांडा.