फुलम ते केडगाव
आमच्या चिंचवड-चाकण पट्ट्यातल्या चर्चमधली तरुण मुलं परदेशी सेवेला जायचं म्हणतात, तेव्हा मी त्यांना पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगतो. १८८३ मध्ये लहानग्या मुलीला, मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या मठातल्या सिस्टर्सकडे राहिल्या आणि २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मला मोलाचं वाटतं ते त्या बाप्तिस्म्याच्या आधीचं. सिस्टर्सनी त्यांना लंडनच्या फुलम भागातल्या आपल्या आश्रमात पाठवलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळत. ही माया येते कुठून, असं रमाबाईंनी विचारलं. एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला: विहिरीवरची शोमरोनी बाई आणि तिच्याशी बोलणारा ख्रिस्त. तारणारा हाच, हे त्यांना तेव्हा पटलं. म्हणजे उमज आधी, बाप्तिस्मा नंतर! आणि ख्रिस्ताची खरी ओळख तर भारतात परतल्यावर काही वर्षांनी झाली, असं त्यांनीच आपल्या साक्षीत लिहिलंय.

पुढे केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी तशाच बायकांसाठी ‘कृपासदन’ काढलं.

पुण्याहून दौंडच्या गाडीने केडगाव स्टेशनला उतरता येतं. परदेशाचं तिकीट काढण्याआधी एकदा तिथे जाऊन या.