एका सायटिडीनाचे रूपांतर

वाहक आरएनएचा रेणू जनुकावरून उतरतो तेव्हा तो अपुराच असतो. त्याच्या कित्येक न्यूक्लिओटाइडांवर पुढे एंझाइमांचे रासायनिक संस्कार व्हावे लागतात. काही संस्कारांनी घडण स्थिर होते, काहींनी वाचन काटेकोर होते. ई. कोलाय या जीवाणूतील एका संस्काराने मात्र रेणूचा अर्थच पालटतो. आयसोल्यूसीनाच्या एका गौण वाहकाचे प्रतित्रिक मुळात सीएयू असते, आणि मेथिओनीनाच्या वाहकाचेही तेच! असंस्कारित रेणूवर म्हणूनच मेथिओनीन चढते. टिल्स नावाचे एंझाइम एटीपीच्या साहाय्याने प्रतित्रिकातील सायटिडीनाचा दुसरा कार्बन क्रियाशील करते व तेथे लायसीन जोडते. १९८८ मध्ये जपानी संशोधकांनी ओळखलेले हे लायसिडीन ग्वानीनऐवजी अ‍ॅडेनीनाशी जुळते. रेणू आयसोल्यूसीन स्वीकारून एयूए हे त्रिक वाचू लागतो. खरी कसोटी निवडीची आहे. मेथिओनीनाच्या वाहकावर हाच संस्कार झाल्यास अनर्थ ओढवेल. त्यामुळे केवळ प्रतित्रिक पाहून टिल्सचे भागत नाही. अमिनो अम्ल स्वीकारणाऱ्या दांड्यातील क्षारकजोड्याही ते पारखते. मानवी पेशीत हे एंझाइम आढळत नाही, म्हणून नव्या प्रतिजैविकांचे लक्ष्य या दृष्टीने त्याचा विचार होत आहे.