डब्यातली भाकरी

रविवारची सकाळ म्हणजे आमच्या पुण्याच्या स्वयंपाकघरात आठवड्याची बेगमी. सकाळचे तास आणि मुलांच्या शिकवण्या यांच्यापायी मी उसळी, रस्से एकदमच करते आणि निवले की डबे भरून फ्रीझरात ठेवते. उणे १८ अंशांवर जंतू मरत नाहीत, नुसते निपचित पडतात. म्हणून एकदा वितळवलेला डबा पुन्हा गोठवू नये, एवढे शास्त्र मला पाठ आहे.

माझ्या आईला या शास्त्राचे कौतुक नाही. ती असते जेऊरला. पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे, करमाळा तालुक्यातले आमचे जेऊर! "शिळं ते शिळंच, बर्फात ठेव नाहीतर पेटीत," असे ती म्हणते, आणि स्वतः मात्र महिनाभर टिकणारी भाकरी करते. आमच्या सोलापूरकडची ही कडक भाकरी. ज्वारीचे पीठ मीठ घालून उकळत्या पाण्यात मळायचे, वर तीळ लावून कागदासारखी पातळ भाकरी थापायची, भाजायची आणि मग मंद आचेवर वाळवत ठेवायची. पापडासारखी कडकडीत झाली की पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात. घाईने कोमट भरली, तर आतल्या वाफेने बुरशी आलीच म्हणून समजा. जंतूंना जगायला पाणी लागते. माझा फ्रीझर त्याचा बर्फ करून ठेवतो, आई ते तव्यावरच उडवून लावते. आमटीत चुरून किंवा शेंगाचटणी आणि दह्याबरोबर ही भाकरी खाल्ली, की माझ्या डब्यांकडे कोणी बघत नाही, हे कबूल करायला हवे.

गेल्या श्रावणात नेहमीसारखा डबा आला. भाकऱ्या एकसारख्या गोल, कडा गुळगुळीत. आईच्या भाकरीच्या कडेला बोटांचे ठसे असतात. मी फोन केला.

"आई, या तू केल्यास?"

जरा वेळाने ती म्हणाली, "दुकानातल्या पाकिटातल्या आहेत गं. संक्रांतीपासून मनगट वळत नाही."

संक्रांतीपासून! दर रविवारी आम्ही बोलत होतो. मी फोडणी देता देता, कानाला फोन लावून.

त्या शनिवारी मी गाडीने जेऊर गाठले. आई खुर्चीवर बसली, परातीपुढे मी.

"पाणी चांगलं उकळू दे. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो. कॉलेजात शिकवतेस ना? मग नीट ऐक."

पहिल्या दोन परातीतच फाटल्या. तिसरी मधे जाड राहिली, काही केल्या कडक होईना. ती रात्री दोघींनी दुधात कुस्करून खाल्ली. चौथी आईने गार झाल्यावर डाव्या हाताने उजेडात धरून पाहिली, कडेवरून बोट फिरवले आणि काही न बोलता डब्यात ठेवली.