गोधडीची वही

कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी नव्या कापडाला तोटा नसतो. दुकानात थानांच्या राशी असतात आणि सोलापुरासारख्या गावी तर भौगोलिक निर्देशांक लाभलेली, देशभर नावाजलेली चादर हाताशी असते. तरीही अशा घरांत थंडीच्या रात्री अंगावर ओढली जाते ती जुन्या लुगड्यांची गोधडी. कोल्हापूर-साताऱ्याकडे तिला वाकळ म्हणतात, तान्ह्या बाळाची असेल तर ती दुपटे होते. बंगालमधील कांथाही याच कुळातील. वापरून मऊ झालेल्या सुती वस्त्रांचे थर एकमेकांवर घालून साध्या धावदोऱ्याने शिवणे, एवढेच या सर्वांचे शास्त्र आहे.

सोलापूरच्या चाटी गल्लीत ज्यांच्या कुटुंबाचे कापडाचे दुकान आहे, अशा एका श्राविकेने गेली अठरा वर्षे हा छंद जोपासला आहे. घरात आणि गल्लीत त्या ‘काकू’ म्हणूनच ओळखल्या जातात. त्यांच्या गोधड्या देखण्या आहेत. पण त्याहून लक्ष वेधून घेते ती त्यांच्या शिवणाच्या पेटीतील लाल कापडी बांधणीची वही. दुकानाच्या चोपड्या दिवाळीला बदलतात, तेव्हा भगवान महावीरांच्या निर्वाणोत्सवानंतर वीर निर्वाण संवताच्या आरंभी या वहीतही नवे पान उघडले जाते. त्यात चार रकाने आहेत : कापड कोठून आले, दोरा किती लागला, तास किती गेले आणि गोधडी कोणाला दिली.

दुपारचे दोन तास

काकूंचा दिवस इतर कोणत्याही जैन गृहिणीसारखाच आहे. पहाटे सामायिक, त्यानंतर मंदिरात दर्शन व पूजा, मग गाळलेले पाणी भरणे, स्वयंपाक, दुकानात डबा पाठविणे. दुपारी एक ते तीन या वेळात घर शांत असते, तेव्हा सोप्यात गोधडी पसरली जाते. तीननंतर थोडा स्वाध्याय आणि मग सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची तयारी. दिवा लावल्यावर सुई हातात घ्यायची नाही, हा त्यांचा नियम आहे. डोळ्यांना त्रास होतो हे एक कारण, आणि दिव्याभोवती जमणारे कीटक पसरलेल्या कापडाच्या घड्यांत चिरडले जाऊ नयेत हे दुसरे. शिवण थांबविताना सुया मोजून डबीत ठेवल्या जातात. दुपट्यात राहिलेली एक सुई काय करू शकते, हे वेगळे सांगायला नको.

गोधडी घालण्याची रीत सोपी वाटली तरी तीत कष्ट आहेत. नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे आठ मीटर आणि पन्हा सव्वा मीटरच्या आतबाहेर. त्याचे चार समान भाग केले की एकट्या माणसाच्या अंथरुणाएवढे चार थर मिळतात. थर फरशीवर ताणून पसरायचे, कोपऱ्यांवर पितळी डबे ठेवायचे, कच्चे टाके घालून सर्व थर एकमेकांना टाचायचे आणि मग कडेकडेने बोटभर अंतर ठेवून धावदोरा घालत मध्याकडे यायचे. थरांमध्ये अडकून राहणारी हवा हीच गोधडीची ऊब. म्हणून टाके फार आवळले तर ती पातळ आणि कडक होते, फार सैल ठेवले तर पहिल्याच धुण्यात थर सरकतात.

रेशमी वस्त्र काकू गोधडीत घालीत नाहीत. कोशातील जीव उकळत्या पाण्यात वा वाफेत मारूनच रेशमाचा अखंड धागा मिळतो, हे कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी कोणालाही ठाऊक असते. कृत्रिम धाग्याच्या साड्याही बाजूला काढल्या जातात, पण त्याचे कारण व्यावहारिक आहे : त्या घाम टिपत नाहीत आणि थरात घसरतात. उरते ते सुती कापड आणि जुन्या कपाटांत ते वर्षागणिक कमी होत चालले आहे.

छंदाचा संग्रह होतो तेव्हा

मुलींची लग्ने झाली, सुनेने स्वयंपाकघर सांभाळले आणि दुपारच्या वेळा मोकळ्या झाल्या, तेव्हा हा छंद सुरू झाला. पहिली पाच-सहा वर्षे घरातल्याच जुन्या कापडावर काम चालले. पुढे हौस वाढली. दुकानातील कटपीस आणि रद्द झालेली नमुना पुस्तके दर आठवड्याला घरी येऊ लागली. त्यानेही भागेना, तेव्हा रंग जुळावेत म्हणून सांगानेरी छापाचे नवे कापड मागविले जाऊ लागले. अखंड, न वापरलेले कापड कापून त्याचे तुकडे करायचे आणि तेच तुकडे पुन्हा जोडायचे, असा उलटा व्यवहार सुरू झाला. भिंतीतील दोन कपाटे भरली, माळा भरला. वर्षाला तीन गोधड्या पुऱ्या होत होत्या आणि तीस गोधड्यांचे कापड घरात येत होते.

या संग्रहाकडे काकूंचे लक्ष वेधले ते दशलक्षण पर्वाच्या नवव्या दिवशी. तो दिवस उत्तम आकिंचन्य धर्माचा. प्रवचनात बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार सांगितले गेले : क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, दासी, दास, कुप्य आणि भांड. कुप्य म्हणजे वस्त्रादी वस्तू. शेतजमीन, घर आणि सोने यांच्या यादीत कापडही बसलेले आहे, ही गोष्ट काकूंनी लहानपणापासून ऐकली होती. त्या दिवशी मात्र माळ्यावरची गाठोडी त्यांच्या डोळ्यांसमोर आली. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात, म्हणजे परिग्रहपरिमाणात, कुप्याची ठरविलेली मर्यादा ओलांडणे हा अतिचार मानला आहे. परंतु मर्यादा ओलांडण्यासाठी ती आधी ठरलेली असावी लागते आणि काकूंनी ती कधी ठरविलीच नव्हती.

त्याच वर्षी त्यांनी नियम घेतला. गोधडीच्या कापडासाठी घरात एकच पेटी राहील. पेटी भरली असेल तर नवे येणार नाही. गोधडीसाठी नवे कापड विकत घ्यायचे नाही. घरात माणशी एक आणि पाहुण्यांसाठी दोन, याहून अधिक गोधड्या ठेवायच्या नाहीत. जास्तीची झाली तर ती महिन्याच्या आत कोणाच्या तरी अंगावर गेली पाहिजे. एकच अपवाद ठेवला : शास्त्रग्रंथांची वेष्टने. अंगावर वापरलेले वस्त्र जिनवाणीला गुंडाळायचे नाही, म्हणून त्यासाठी दुकानातील कोरे सुती कटपीस घेतले जातात आणि तेवढेच घेतले जातात.

वही त्या दिवाळीपासून सुरू झाली. दुकानात पडून राहिलेला माल हा तोटाच असतो, हे व्यापाऱ्याच्या घरात कोणाला शिकवावे लागत नाही. काकूंनी तोच न्याय आपल्या कपाटाला लावला.

सात लुगडी

वहीतील सर्वांत कठीण पान सासूबाईंच्या लुगड्यांचे आहे. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या पेटीत सात सुती लुगडी होती. तिन्ही नणंदांना आईची आठवण हवी होती आणि काकूंनाही. वाटणी कशी करायची यावर एकमत होईना. धाकट्या नणंदेला लुगडी अखंड हवी होती, मोठीला गोधडी हवी होती. बोलणे वाढले, मने दुखावली आणि निर्णय पुढे ढकलला गेला. असा तो सहा वर्षे पुढे जात राहिला. रक्षाबंधनाला सर्वजणी घरी येत. पेटीचा विषय मात्र कोणी काढीत नसे.

नियम घेतल्यावर काकूंनी ती पेटी नणंदांच्या समक्ष उघडली. घड्यांवर कापड विरले होते, दोन लुगड्यांना कसर लागली होती. ज्या वस्त्रांसाठी तीन बहिणी आणि एक भावजय एकमेकींशी मोकळेपणाने बोलत नव्हत्या, ती वस्त्रे कोणाच्याही अंगावर न पडता झिजत होती. हातात घेतलेला पदर धाकट्या नणंदेच्या बोटांतच फाटला, तेव्हा अखंड ठेवण्याचा आग्रह आपोआप संपला.

सात लुगड्यांतून एरवी अठ्ठावीस थर निघाले असते. विरलेला आणि कसर लागलेला भाग काढून टाकल्यावर बावीसच निघाले. चौघींच्या चार गोधड्या, प्रत्येकीत पाच थर. उरलेल्या दोन थरांतून एक दुपटे. प्रत्येक गोधडीच्या दर्शनी थरात सातही लुगड्यांचे तुकडे येतील असे पाहिले गेले, म्हणजे कोणाकडे चांगले गेले आणि कोणाकडे उरलेले, हा प्रश्नच राहिला नाही. काठांच्या पट्ट्या चारही बाजूंना लागल्या. पहिली गोधडी टाचायला तिन्ही नणंदा चार दिवस माहेरी राहिल्या. दुपटे धाकट्या नणंदेच्या नातवाला गेले आणि वापरून वापरून आता त्याचाही रंग उडाला आहे. वहीत त्या पानाच्या तळाशी काकूंनी ‘सहा थर पडून वाया’ अशी नोंद ठेवली आहे.

तासांचा रकाना

वहीतील तिसऱ्या रकान्याचा उपयोग एकदा दुकानालाही झाला. पुण्याच्या एका ग्राहकाने काकूंची गोधडी पाहिली आणि अशाच पंचवीस गोधड्यांची मागणी केली. किंमत आकर्षक वाटत होती. गल्लीतील काही स्त्रियांना नगावर मजुरी देऊन काम उरकावे, असा मुलाचा विचार होता. काकूंनी होकार किंवा नकार देण्याआधी वही त्याच्यापुढे ठेवली.

हिशेब सरळ होता. दोन मीटर दहा सेंटीमीटर लांबीच्या आणि सुमारे सव्वा मीटर पन्ह्याच्या गोधडीत दोन-दोन सेंटीमीटर अंतराने ओळी घातल्या, तर एकूण शिवण सुमारे सव्वाशे मीटर भरते. दर सेंटीमीटरला एक टाका धरला तर साडेबारा हजार टाके. पाच थरांतून सुई काढताना मिनिटाला सहा टाके पडतात. म्हणजे निव्वळ शिवणाचे सुमारे पस्तीस तास. दर्शनी थर जोडणे, टाचणे आणि कडा दुमडणे यांचे दहा तास वेगळे. ग्राहकाच्या किमतीतून कापड, दोरा आणि दुकानाचा नफा वजा करून उरलेल्या रकमेला पंचेचाळीसने भागले, तेव्हा तासाला जी मजुरी आली ती दुकानातील हमालाला मिळणाऱ्या मजुरीहूनही कमी होती. आपल्या आईने अठरा वर्षांत या घरासाठी किती तास शिवले, हेही त्या दिवशी मुलाने प्रथमच बेरीज करून पाहिले.

पंचवीसची मागणी स्वीकारली गेली नाही. तासाची रास्त मजुरी धरून नवी किंमत कळविली गेली आणि ग्राहकाने सहा गोधड्या घेतल्या. त्या गल्लीतील दोघींनी शिवल्या आणि तासांप्रमाणे पैसे घेतले. काकूंनी स्वतःची एकही गोधडी विकली नाही. आपला छंद त्यांना व्यापारात आणावासा वाटला नाही. पण दुसरीचे काम व्यापारात येत असेल, तर त्याची मोजणी प्रामाणिक असावी, हा त्यांचा आग्रह होता. श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताचा, अचौर्याचा, अर्थ त्यांच्या मते मजुरीलाही लागू आहे.

आषाढातील काम

चातुर्मास लागण्यापूर्वी, आषाढाच्या पहिल्या पंधरवड्यात, घरातील सर्व गोधड्या धुऊन कडक उन्हात वाळविल्या जातात. ओलसर गोधडीत बुरशी धरते, कीटक होतात आणि मग औषध फवारून जीवहत्या करण्याची वेळ येते. जीव उत्पन्नच होऊ नयेत अशी काळजी घेणे, हाच यत्नाचार. त्याच वेळी पेटी रिकामी केली जाते. वर्षभरात जे कापड वापरले गेले नाही ते ज्याला उपयोगी पडेल त्याच्याकडे जाते आणि अगदी विरलेल्या चिंध्यांची पुसणी होतात.

गेल्या वर्षीच्या पानावर चार गोधड्यांची नोंद आहे. एक नातीच्या वसतिगृहात गेली, एक दुकानातील वृद्ध मुनीमजींना दिली आणि दोन धर्मशाळेत पोहोचल्या. मंदिरातील अकरा ग्रंथांना नवी वेष्टने झाली. पेटीत शिल्लक म्हणून दीड लुगडे आणि तीन धोतरे लिहिली आहेत. यंदा पर्वापूर्वी आपले कपाट आवरताना एखाद्या घरात अशीच जुनी सुती वस्त्रे निघाली, तर ती परत घडी घालून ठेवण्याआधी त्यांचे किती थर निघतील एवढे मोजून पाहावे. दोन थर निघाले तरी एका दुपट्यापुरते होतात.