चौदा हजारांच्या गावात तीस हजार माकडं

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, फ्लिंट नदीच्या काठी बेनब्रिज आहे. लोकसंख्या साधारण १४,०००. २०२३च्या अखेरीस ‘सेफर ह्युमन मेडिसिन’ या कंपनीने इथे ३९६ दशलक्ष डॉलर खर्चून प्रयोगशाळांना पुरवण्यासाठी ३०,००० माकडांचं पैदास केंद्र उभारायचं ठरवलं. गावाने विरोध केला, आणि त्या विरोधाबद्दल बरेच समज पसरले.

गैरसमज: हा विज्ञानविरोधी, भावुक प्राणिप्रेमींचा गोंधळ होता.

प्राणिहक्क संघटना या लढ्यात उतरल्या, हे खरं. पण बेनब्रिज हा शिकार आणि मासेमारी करणारा, शेतीवर जगणारा मुलूख आहे. लोकांचे प्रश्न साधे होते. एवढ्या माकडांचं सांडपाणी कुठे जाणार? पाणी किती लागणार? दुर्गंधीचं काय? सर्वांत मोठा राग होता तो निर्णय ज्या रीतीने झाला त्यावर. कंपनीला करसवलत मंजूर करणारी बैठक लोकांना नीट कळवलीच नाही, असं म्हणत रहिवासी कोर्टात गेले. मला हा राग पूर्णपणे रास्त वाटतो. कंपनीने २६३ नोकऱ्यांचं आश्वासन दिलं होतं. पण त्या बदल्यात काय द्यायचं, हे ठरवताना शेजाऱ्यांना विचारायला हवं होतं.

गैरसमज: तिथे माकडांवर प्रयोग होणार होते.

नाही. तिथे पैदास आणि संगोपन होणार होतं. प्रयोग दुसरीकडच्या प्रयोगशाळांत. विरोधकांनीही हा फरक स्पष्ट सांगायला हवा. मात्र त्यामुळे त्या माकडांच्या नशिबात काही बदल होत नाही.

गैरसमज: माकडं पळतील आणि गावभर साथ पसरेल.

ही भीती वाढवून सांगितली गेली, पण ती निराधार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये शेजारच्या साउथ कॅरोलिनातल्या येमासी गावात अशाच एका केंद्राचं दार नीट बंद न झाल्याने ४३ माकडं पळाली. शेवटची चार हाती लागायला जानेवारी उजाडला. मकाक जातीच्या माकडांत आढळणारा ‘बी’ विषाणू माणसासाठी घातक आहे, पण त्याची लागण अत्यंत दुर्मीळ: १९३२पासून माणसांतली नोंद पन्नासच्या आसपास, त्यांतले २१ दगावले. धोका मुख्यतः माकडं हाताळणाऱ्या कामगारांना असतो.

गैरसमज: अमेरिकेतच पैदास झाली की जंगलातली माकडं वाचतील.

इथे थोडं थांबून पाहायला हवं. या केंद्रात पाळायच्या लांब शेपटीच्या मकाकची मादी साडेपाच महिन्यांच्या गर्भारपणानंतर बहुधा एकच पिल्लू देते, आणि मादी वयात यायलाच तीन-चार वर्षं लागतात. ३०,००० हा आकडा गाठायला कितीतरी वर्षं जाणार. शिवाय हा प्राणी मूळचा आग्नेय आशियातला; पैदाशीसाठी पहिली माकडं आयातीतून किंवा आयातीतूनच उभ्या राहिलेल्या कळपांतून येणार. २०२२ मध्ये या प्रजातीची नोंद धोक्यात आलेल्या प्राण्यांत झाली. त्याच वर्षी, जंगलातली माकडं पैदाशीची म्हणून विकल्याचा आरोप अमेरिकेने कंबोडियाच्या अधिकाऱ्यांवर ठेवला; त्यांतला एक २०२४ मध्ये निर्दोष सुटला. या व्यापाराची झळ आपणही सोसली आहे. दशकानुदशकं भारतातून लाल तोंडाची माकडं अमेरिकेत जात होती. १९७८ मध्ये भारताने ती निर्यात बंद केली.

गैरसमज: कायद्यानेच माकडांवर चाचणी सक्तीची आहे.

माणसावर चाचणी घेण्याआधी प्राण्यांवर घ्यायलाच हवी, ही अट अमेरिकेने डिसेंबर २०२२च्या कायद्याने काढली. चाचण्या थांबलेल्या नाहीत. पण मानवी पेशी आणि संगणकीय प्रारूपांचा मार्ग मोकळा झाला.

गैरसमज: करसवलतीचा पाठिंबा काढून घेतला, म्हणजे प्रकल्प रद्द झाला.

२०२४च्या सुरुवातीला काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) प्रतिनिधींनी माघार घेतली, हे लोकांच्या रेट्याचं मोठं यश होतं. पण सवलत नाकारणं आणि बांधकामाला बंदी घालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यानंतरही प्रकल्प पुढे नेणार असल्याचं कंपनीने जाहीर केलं, आणि गावकऱ्यांनाही लढा चालू ठेवावा लागला.