कुठल्या अर्थानं?

1 मे म्हटलं की आपल्याकडे महाराष्ट्र दिन. पोलंडमध्ये त्या तारखेला युरोपीय संघातल्या प्रवेशाची आठवण काढतात. 2004 साली याच दिवशी हा देश संघात गेला. 2024 मध्ये त्याला 20 वर्षं झाली, भाषणं झाली, निळे झेंडे लागले. त्याच सुमारास, माझ्या उमेदीची वर्षं जिथं गेली त्या भाषांतर-संस्थेकडून आम्हा जुन्या-नव्या सगळ्यांना एक पत्र आलं. यापुढे पहिला मसुदा यंत्र करील, माणसांनी तो फक्त नजरेखालून घालायचा, आणि दर त्या मानानं ठरेल. पत्रातली पोलिश इतकी गुळगुळीत होती की तीही यंत्रानंच लिहिली असावी. राग त्याचा आला नाही. पत्रात 'शंका असल्यास विचारा' हे वाक्य कुठंच नव्हतं, त्याचा आला. आमचा सगळा धंदा त्या एका वाक्यावर उभा होता.

मी पोलिशमध्ये भाषांतर करत नसे. ते काम ज्यांनी ती भाषा आईच्या मांडीवर ऐकली त्यांचं. मी नव्वदीच्या मध्यावर वॉर्सात आलो तो शिकायला, आणि राहिलो ते इंग्रजी येतं म्हणून. माझं काम एवढंच, की भाषांतरकार अडला की त्यानं यायचं, शब्दावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, "हा इथं कुठल्या अर्थानं आहे?" इंग्रजीत चार अर्थ एकाच शब्दाच्या खोलीत दाटीवाटीनं राहतात. पोलिशमध्ये प्रत्येकाला वेगळं घर लागतं. 'डेट' म्हणजे तारीख असेल तर दाता, दोघांनी ठरवून भेटणं असेल तर रांद्का, खजूर असेल तर दाक्तील. 'स्पीकर' म्हणजे आवाज करणारी पेटी असेल तर ग्वोश्निक, आणि संसदेचा अध्यक्ष असेल तर मार्शावेक. या दोघांची अदलाबदल झालेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे, आणि मला ती फारशी चुकीची वाटली नाही.

1945 ते 1989 या साम्यवादी राजवटीच्या काळाबद्दल मला थोडक्यातच बोलायचं आहे. मी तिथं नव्हतो, आणि जे होते ते जरा जास्तच बोलतात. शाळेत रशियन सक्तीची. इंग्रजीसाठी यान स्तानिस्वाफ्स्कींचा 1964 चा जाडजूड इंग्रजी-पोलिश कोश, जो पुढच्या दोन पिढ्या घराघरांत होता. त्यातली इंग्रजी टोपी काढून नमस्कार करणाऱ्या सद्गृहस्थाची. बाकी त्या काळातले मोठे भाषांतरकार साहित्यात रमलेले होते. माचेय स्वोम्चिन्स्कींनी जॉइसची 'युलिसिस' 1969 मध्ये पोलिशमध्ये आणली आणि अख्खा शेक्सपिअरही. थोर काम, पण त्यानं फ्रिजची माहितीपुस्तिका कशी लिहायची हे कुणाला शिकवलं नाही. 1989 नंतर एकदम फ्रिजच आले.

मला धरून ठेवणारं दशक सुरू होतं ते इथून, साधारण 1994 ते 2004. रस्त्यावर, दुकानात, पडद्यावर इंग्रजी आणि ती पोलिश करायला माणसं अपुरी. पोलंडमध्ये परदेशी चित्रपटाला टीव्हीवर वेगवेगळे आवाज देत नाहीत. लेक्तोर नावाचा एकच माणूस मूळ आवाजावर सगळ्यांचे संवाद संथपणे वाचतो, नायिकेचेही आणि खुन्याचेही. तोमाश क्नापिक यांचा तो कोरडा आवाज मला आजही झोपेत ओळखू येईल. पण त्यांच्या हातात कागद देणाऱ्यांचं काय? तोमाश बेकशिन्स्कीसारखा माणूस मॉन्टी पायथनचे विनोद पोलिशमध्ये असे उतरवायचा की घरातली माणसं हसता हसता चहा सांडायची. 1999 च्या डिसेंबरात त्यानं स्वतःला संपवलं. त्याच्यासारखे दोन-चार. बाकीच्यांकडे एक रात्र आणि एक कॅसेट.

आणि वितरक! त्यांच्याशी माझा हिशेब बाकी आहे. 'डाय हार्ड' या दुहेरी अर्थाच्या नावाशी झटापट नको म्हणून त्यांनी नाव दिलं 'काचेचा सापळा', कारण गोष्ट काचेच्या इमारतीत घडते. दुसरा भाग आला तो विमानतळावर. नाव तेच, पुढं 2 चा आकडा. 'टर्मिनेटर' आधी आला तो 'इलेक्ट्रॉनिक खुनी' म्हणून. 'डर्टी डान्सिंग'चं जे केलं ते मराठीत लिहायचं तर 'गरगरता संभोग' असं लिहावं लागेल, आणि चित्रपट तर आईबरोबर बसून पाहण्याजोगा आहे. 'रिअ‍ॅलिटी बाइट्स'मधला 'बाइट' कुठला हे न सुटल्यामुळे च्युइंगगमच्या जाहिरातीची आठवण करून देणारं, साखरेविना भ्रमण अशा अर्थाचं नाव ठोकून दिलं. 'लोकांना कळलं पाहिजे' हे या मंडळींचं पालुपद. लोकांना काय कळलं ते मी सांगतो: पोस्टरवर विश्वास ठेवायचा नाही.

आमच्या कचेरीत मात्र शिस्त होती. तिथं एक वयस्क संपादिका होत्या. सगळे त्यांना 'पानी रेदाक्तोर' म्हणत, म्हणजे 'संपादक बाई'. तांबड्या शाईचं पेन, चष्मा साखळीला. इंग्रजीतला 'गो' दिसला की त्या आधी नकाशा मागत. कारण पोलिशमध्ये पायी जाणं वेगळं आणि वाहनानं जाणं वेगळं. त्यातही एकदा जाणं वेगळं, नेहमी जाणं वेगळं. इश्च, होज्यिच, येहाच, येज्ज्यिच. एका नवशिक्यानं सहल कंपनीच्या पत्रकात वॉर्साहून झाकोपानेला 'जा' म्हणताना पायी जाण्याचं क्रियापद लिहिलं. बाईंनी समासात लिहिलं, 'ग्राहकांना 400 किलोमीटर चालवू नये.'

काही ठिकाणी माझी मराठी कामाला यायची, इंग्रजी नव्हे. 'नो' या एका इंग्रजी क्रियापदाला पोलिशमध्ये तीन उत्तरं आहेत: एखादी गोष्ट माहीत असणं, एखाद्या माणसाला ओळखणं, आणि एखादं कसब येणं. व्येम, झ्नाम, उम्येम. पत्ता माहीत आहे, जोशींना ओळखतो, पोहायला येतं. हे मी त्यांना मराठीत म्हणून दाखवलं तेव्हा पानी रेदाक्तोर खुर्चीत मागं टेकल्या आणि म्हणाल्या, मग तुम्ही इंग्रजांकडून भाषा कशाला घेतलीत? 'यू'चंही तसंच. आपल्याला तू, तुम्ही, आपण यांतून निवड करावी लागते. त्यांना ती धाकटा, बाई, बाप्या, मंडळी अशी करावी लागते, आणि भूतकाळात आपल्या 'आलास-आलीस'सारखा लिंगभेद येतोच. संगणकाच्या पडद्यावरचं 'तुम्ही फाईल साठवली' हे साधं वाक्य लिहिण्याआधी पडद्यासमोर बाई आहे की बुवा हे ठाऊक हवं. म्हणून मग कर्ताच उडवून 'साठवलं गेलं' असं लिहायची युक्ती आली.

वॉर्सा आणि मराठीचं नातं सांगायचं तर कोल्हापूरजवळची पोलिश निर्वासितांची वळिवड्याची छावणी सगळ्यांना ठाऊक असते. मी तिथं दुसरं नाव सांगायचो. निसर्गदत्त महाराजांची खेतवाडीतली मराठी संभाषणं इंग्रजीत नेणारे मॉरिस फ्रिडमन हे जन्मानं वॉर्साचे. एका पोलिश माणसानं मराठी इंग्रजीत नेली होती. एक मराठी माणूस इंग्रजीची पोलिश करायला हातभार लावत होता. उसनवारी फेडल्यासारखं वाटायचं.

'फाईल'ची गोष्ट जरा गंभीर. लोखंड घासायची कानस असेल तर पिल्निक. संगणकातली असेल तर प्लिक. एखाद्या माणसाची माहिती दडवलेली कागदी असेल तर तेच्का. यातला तिसरा शब्द त्या दशकात कुणी सहज उच्चारत नसे. जुन्या राजवटीच्या गुप्त पोलिसांनी लोकांवर उघडलेल्या त्या तेच्का. कोण त्यांचा खबऱ्या होता यावरून 1992 च्या जूनमध्ये एक सरकार गडगडलं होतं. आम्हाला एकदा एका बँकेच्या संगणकप्रणालीचं काम आलं. त्यात 'युवर फाईल' या शब्दांचं कुणीतरी 'तुमची तेच्का' असं केलं होतं. ते वाचून खातं उघडायला आलेल्या सत्तरीच्या माणसाला काय वाटलं असतं! पानी रेदाक्तोरनी तो गठ्ठा परत फेकला. शब्दकोशाच्या दृष्टीनं बिनचूक होता तो.

'फ्री'चा घोळ तर कधी सुटलाच नाही. फुकट असेल तर दार्मोव्ही. स्वतंत्र असेल तर वोल्नी. पण वोल्नीचा पोलिशमध्ये दुसरा अर्थ 'हळू'. त्यामुळे मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतली उत्साही मुलं ज्या नावाचा झेंडा फडकवत होती ते कित्येकांना 'मंद सॉफ्टवेअर' असं ऐकू यायचं. मुलं चिडायची. त्यांचे संगणक खरोखरच मंद होते हा भाग वेगळा.

त्याच वर्षांत टोल्किनवरून रणकंदन माजलं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं मारिया स्किबन्येव्स्का यांचं साठीच्या दशकातलं पोलिश रूप लोकांच्या हाडीमाशी खिळलेलं. 1996-97 मध्ये येझी वोझिन्स्की यांनी ते नव्यानं केलं आणि नावांनाही सोडलं नाही. बॅगिन्स झाला बागोश. 'स्ट्रायडर' या टोपणनावाला जुन्या भाषांतरात 'जग पालथं घातलेला' अशा अर्थाचा भारदस्त शब्द होता. यांनी केलं वाझिक, ज्याचा अर्थ भटक्या होतो आणि जीपसारखी रानोमाळ जाणारी गाडीही. राजा होऊ घातलेला माणूस आणि त्याला जीप म्हणायचं! वाचक खवळले. माझ्या मते वोझिन्स्की चुकले, आणि तरी आज मला त्यांचं कौतुक वाटतं. एका शब्दावरून ट्राममध्ये अनोळखी माणसं भांडत होती. आज कशावरून भांडतात ते विचारू नका.

मग आलं युरोप. संघात जायचं तर संघाचा सगळा कायदा आपल्या भाषेत हवा, आणि तो होता सुमारे 80 हजार पानं. सरकारी खात्यानं काम वाटलं, ते फिरत फिरत आमच्यासारख्या कचेऱ्यांपर्यंत आलं. 'पॉलिसी'पासून सुरुवात. विम्याची असेल तर पोलिसा, पण शेतीची असेल तर पोलितिका, आणि राजकारणही पोलितिकाच. त्यामुळे संघाचं सामायिक कृषिधोरण शेतकऱ्याला ऐकू आलं ते 'सामायिक कृषिराजकारण'. तो हसला. फार चुकीचं नाही म्हणाला. 'रेग्युलेशन'ला निवडलेला शब्द रोस्पोझोंजेन्ये, जो पोलंडच्या राज्यघटनेत संसदेच्या कायद्याहून खालच्या पायरीवर आहे. संघात मात्र त्याच नावाची गोष्ट देशाच्या कायद्यावर बसते. वकिलांना हे वळण पचायला वर्षं लागली.

आम्ही रात्रंदिवस राबलो, आणि तरीही प्रवेशाच्या दिवशी सगळं छापून झालेलं नव्हतं. एकट्या पोलंडमध्येच नव्हे, शेजारी चेकमध्येही. तिथल्या एका वाईन आयात करणाऱ्या कंपनीला सीमाशुल्काचा दंड झाला होता. 2007 च्या डिसेंबरात लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयानं निकाल दिला की जो नियम त्या देशाच्या भाषेत अधिकृतपणे प्रसिद्धच झालेला नाही तो नागरिकावर लादता येत नाही. त्या निकालाची प्रत आम्ही भिंतीवर लावली होती. भाषांतर नाही म्हणजे कायदा नाही, असं कुणीतरी प्रथमच आमच्या बाजूनं बोललं होतं.

पुढची दहा-बारा वर्षं सांगण्यासारखी नाहीत. पीडब्ल्यूएन ही पोलिश प्रकाशनसंस्था आणि ऑक्सफर्ड यांचा उत्तम जोडकोश आला होता, आणि तो बाजारात स्थिरावतोय तोवर लोकांनी कोश उघडणं सोडलं. जुनी वाक्यं साठवून पुन्हा पुढं करणाऱ्या प्रणाली आल्या. एकदा सुटलेला शब्द सुटलाच असं त्या धरून चालायच्या. पानी रेदाक्तोर निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कुणी नेमलं नाही.

2017 मध्ये डीपएल नावाची यंत्रसेवा सुरू झाली ती सात भाषांत, आणि पोलिश त्यातली एक. यंत्र वाईट नाही हे मी खुल्या मनानं सांगतो. चार ओळींचा संदर्भ दिला तर 'गो' पायी की गाडीनं हे ते बहुतेकदा बरोबर ओळखतं. तक्रार वेगळी आहे. माणूस अडला की थांबायचा, उठून माझ्या टेबलापाशी यायचा. यंत्र अडत नाही. त्याला दोन अर्थ सारखेच दिसले तरी एक निवडून ते त्याच आत्मविश्वासानं पुढं जातं, आणि वाक्य इतकं सुबक असतं की नजरेखालून घालणाऱ्याची नजरही घसरते.

मागच्या हिवाळ्यात नोकरीसाठी आलेला एक मराठी मुलगा घरी आला. "काका, एवढं बघता का?" म्हणून त्यानं वारसाच्या कागदांचा गठ्ठा पुढं केला. मूळ कागद आपल्याकडच्या कोर्टाच्या जुन्या इंग्रजीतला, फोननं त्याची पोलिश केलेली. इंग्रजीत चुलत आजोबा 'डाइड विदाऊट इश्यू' असं होतं, म्हणजे निपुत्रिक वारले. पोलिशमध्ये ते कुठलीही अडचण न येता वारले होते. पोरगा हसत होता. मी हसलो नाही, कारण त्या एका ओळीवर त्याचा वाटा अवलंबून होता.

तेव्हा पोलंडला येणाऱ्यांना, आणि आता पुण्या-नागपुरातून बरेच येतात, माझं सांगणं आहे. जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, पदवी, वारसाचे कागद फोनच्या भरवशावर सोडू नका. शपथबद्ध भाषांतरकाराकडे जा. जाण्याआधी मूळ कागदावरच्या अवघड इंग्रजी शब्दांचा अर्थ वेगळ्या कागदावर लिहून न्या, आणि त्यानं 'हा कुठल्या अर्थानं?' असं विचारलं तर वैतागू नका. असं विचारणाऱ्यालाच काम द्या. त्याचं पान 1125 अक्षरांचं धरतात, मोकळ्या जागा धरून, साध्या भाषांतराचं 1800 चं. म्हणजे महाग पडतं. अशा भाषांतरकारांची यादी पोलंडच्या न्याय मंत्रालयाकडे असते आणि ती कुणालाही पाहता येते.