खासगी टिपणवही आणि तिची किल्ली

व्यापाऱ्याच्या पेढीवर दोन प्रकारच्या वह्या असतात. रोजकीर्द व खतावणी ह्या मुनीम, हिशेबतपासनीस व कर-अधिकारी ह्या सर्वांनी पाहावयाच्या असतात. ह्यांखेरीज एक लहानशी वही मालकाच्या खिशात किंवा तिजोरीत असते. तोंडी शब्दावर कोणास किती रक्कम दिली, कोणता माल कोणत्या भावाने पडला, लॉकर कोणत्या बँकेत आहे, वडिलांना कोणते औषध चालते, अशा नोंदी तीत असतात. मच्छे येथील कारखानदार असो की निपाणीचा तंबाखूचा व्यापारी असो, ही वही आता अनेकांच्या मोबाइलमध्ये गेली आहे. अशा टिपणांच्या ॲपकडून आपणांस काय हवे असते, ह्याचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

पहिली अपेक्षा अर्थातच गुप्ततेची. आपल्या बाजारास ही गोष्ट नवी नाही. कापडाच्या दुकानांत खरेदीचा भाव आकड्यांऐवजी ठराविक अक्षरांत लिहीत; जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरे. मोडी ही मूळची जलद लेखनाची लिपी. परंतु जो ती शिकला नाही त्याला मोडीतील वही बंदच राही. ह्या सर्व युक्त्यांचे बळ एकच, की समोरच्यास पद्धत ठाऊक नाही. पद्धत कळली की वही उघडी पडली! ऑगस्ट केर्कहॉफ्स ह्या भाषाशास्त्रज्ञाने १८८३ साली असे मांडले, की गुप्तलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालावे. गुप्त राहावयाची ती केवळ किल्ली. आजची सांकेतिक लेखनाची शास्त्रे ह्याच तत्त्वावर उभी आहेत.

म्हणून ॲप निवडताना ‘कुलूप आहे काय?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘किल्ली कोणाजवळ आहे?’ हे विचारले पाहिजे. काही ॲपांत मजकूर आपल्याच मोबाइलवर सांकेतिक रूपात बदलतो आणि मगच कंपनीच्या संगणकाकडे जातो. तेथे कोणासही तो वाचता येत नाही. इतर पुष्कळ ॲपांत मजकुरास कुलूप असते खरे, परंतु किल्ली कंपनीकडेच राहते. एव्हरनोट ह्या प्रसिद्ध कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या काही कर्मचाऱ्यांना ग्राहकांची टिपणे पाहता येतील असा नियम जाहीर केला. ग्राहकांनी मोठा विरोध केला, तेव्हा थोड्याच दिवसांत तो मागे घ्यावा लागला. तथापि वाचावयाचे ठरविले असते तर वाचता आले असते, ही गोष्ट त्यावरून उघड झाली.

दुसरी अपेक्षा अशी, की वही वेळेवर उघडावी. खानापूरच्या पलीकडे रानात मोबाइलला नेटवर्क मिळेनासे झाले तरी नोंद दिसली पाहिजे. आमच्या भागात एकाच वहीत मराठी, कानडी व इंग्रजी नोंदी असतात. तेव्हा तिन्ही लिप्यांत शोध चालतो की नाही हे आधी पाहून घ्यावे.

तिसरी अपेक्षा, वही आपलीच राहावी. त्याच एव्हरनोटने डिसेंबर २०२३ पासून विनामूल्य खात्यावर ५० टिपणांची मर्यादा घातली. कंपनीस तसा अधिकार असतो. पण आपला सर्व मजकूर साध्या स्वरूपात बाहेर काढता येत असेल, तर दुसरीकडे जाण्याची वाट मोकळी राहते. ती सोय पहिल्याच दिवशी करून पाहावी व अधूनमधून एक प्रत स्वतःपाशी ठेवावी.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. किल्ली केवळ मालकाजवळ असेल, तर मालक अकस्मात गेल्यावर ती वही कोण उघडणार? कागदाची वही तिजोरीतून मुलाच्या हाती येते. सांकेतिक वही मात्र कंपनीसदेखील उघडता येत नाही. येणी-देणी, शब्दावर दिलेल्या रकमा, सारे तिच्यात अडकून पडते आणि घरच्यांस कोणाकडे बोट दाखविता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात मृत्यूनंतर आपले हक्क वापरण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीचे नाव नोंदविण्याची तरतूद केलेली आहे. परंतु कायदा हक्क देतो. हरवलेली किल्ली तो देऊ शकत नाही.

ह्यावर उपाय साधा आहे. मुख्य परवलीचा शब्द कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून पाकिटात बंद करावा, पाकीट लॉकरमध्ये किंवा मृत्युपत्राजवळ ठेवावे आणि ते कोठे आहे हे पत्नीस किंवा एखाद्या विश्वासू आप्तास सांगून ठेवावे. परवलीचा शब्द बदलला की पाकीटही बदलावे. दिवाळीस वहीपूजन करतेवेळी त्या पाकिटाची आठवण ठेवावी, एवढीच आमची सभासद बंधुभगिनींस विनंती आहे.